चाळीस मिली

केळीच्या गाडीवरच्या जुन्या ताडपत्रीखाली
अकरा उन्हाळे उभी होती राजदूत.
सावद्याचा उन्हाळा म्हणजे रबराचं मरण.
सीटमधून काथ्या बाहेर,
सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीचं घर.

पिस्टन जाम.
प्लगच्या भोकातून रॉकेल ओतलं, तीन दिवस थांबलो.
चौथ्या दिवशी किक अर्धा इंच खाली गेली,
ती झोपेकाकांना बोलावून दाखवली.
ते म्हणाले, "भंगारात किलोनं घेतात, बाप्पा."

भुसावळच्या इद्रिस मिस्तरींनी
रिंगा दिल्या, पॉइंट घासायला कानस दिली
आणि फुकटात ताकीद:
"ऑइल लिटरला चाळीस मिली. वर गेलास तर नुसता धूर."

टूलबॉक्समध्ये निघाली तात्यांची बाटली,
खोकल्याच्या औषधाची,
ब्लेडनं ओढलेली एक रेघ.
मोजून पाहिलं. रेघ साठावर.
तात्या वीज बोर्डात वायरमन.
जळक्या फ्यूजची तारसुद्धा गुंडाळून ठेवणारा माणूस,
इथं मात्र हात सढळ.

म्हणजे तो धूर त्या वीस मिलीचा!
तात्या वळणावर असतानाच वास पोचायचा,
आम्ही पुस्तकं उघडायचो
आणि आई कळण्याच्या भाकरीचा तवा चढवायची.

काल संध्याकाळी एकविसाव्या किकला पेटली.
चाळीसच घातलं होतं.
आवाज स्वच्छ, शहाण्या मुलासारखा.
आई दारात आली.
पदरानं हात पुसत ऐकत राहिली थोडा वेळ.
"ही आपली नाही रे," म्हणाली, आत गेली.

गाडी बंद केली.
बाटली पुसत बसलो,
रेघ दिसेस्तोवर.