निळं पाणी

साखर पेठेतली रात्रशाळा, पावणेआठचा तास.
फळ्यावर एक आडवी रेघ ओढून
मी म्हणालो, हा समुद्राचा पृष्ठभाग.
इथून समुद्र तीनशेहून जास्त किलोमीटर,
नळाला पाणी पाचव्या दिवशी.
"तुम्ही बघितलाय का सर?"
एकदा. गणपतीपुळ्याला, सहलीत.
वरचा वरचा.

रेघेखाली दोनशे मीटर उजेड.
तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती
ऊन शिजवतात,
अख्ख्या समुद्राची चूल जवळजवळ तेवढीच.
त्याखाली संधिप्रकाश,
शटर अर्धं ओढलेल्या कारखान्यातला.
त्याखाली काळोख, हजार मीटर, चार हजार,
फळा संपला, मी भिंतीवर बोट ठेवून दाखवलं.

"मग खालच्यांनी खायचं काय?"
नागमणी बोद्धूल. वय त्रेचाळीस,
दिवसाला हजार विड्या, वहीलाही तंबाखूचा वास.
वरून पडतं ते, मी म्हणालो.
मेलेलं, उष्टं, विष्ठा, कातीचे कण,
पांढरं, भुरभुर,
आठवडेच्या आठवडे पडत राहतं.
सागरी हिम म्हणतात त्याला.

मागच्या बाकावरून मल्लेशम उठला,
टॉवेलच्या मागावरून थेट आलेला,
भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर कापसाचा भुरा.
"असं का सर?"
आणि त्याने डोकं झटकलं.

पंखा मी बंद केला.
ट्यूबच्या उजेडात ते उतरत राहिलं,
बाकांवर, उघड्या वह्यांवर,
नागमणीच्या पुढे केलेल्या तळव्यावर.

तास संपत आला होता, म्हणून घाईघाईने सांगितलं:
कॅलेंडरवरच्या निळ्याशार पाण्याला भुलू नका.
निळं पाणी उपाशी असतं.
भर समुद्रात ऊन रगड, पण खत नाही,
आपल्याकडच्या माळासारखं.
वारा जिथे वरचं पाणी किनाऱ्यापासून लोटतो
तिथे खालचं गार पाणी वर येतं,
वर्षानुवर्षं झिरपलेलं, कुजलेलं, विरघळलेलं सगळं घेऊन.
मग पाणी हिरवं होतं, गढूळ,
वास मारतं,
आणि मासळी मावत नाही.

"म्हणजे नांगरटच की," नागमणी म्हणाली,
आणि तिने ते वहीत टिपलं,
तेलुगूत.
परीक्षेला येणार का, हे कुणी विचारलं नाही.

घंटा झाल्यावर शिपाई झाडू घेऊन दारात थांबला.
फरशीवर भुरा बसला होता,
पावलं उमटतील एवढा.
तो म्हणाला, आज राहू दे सकाळपर्यंत.