दोन थरांच्या मध्ये

रविवार पेठेत मुर्तझाभाईंनी गल्ल्यासमोर टाकले
चार पांढुरके तुकडे.
"काका, कुठलंही घ्या, आत कोण बघतंय?"

आत काय आहे तेच तर बघायला आलो होतो.
खिशातून काडेपेटी काढली
तसा त्यांचा पोऱ्या दोन पावलं मागे सरला.
"इथे नको हं, बाहेर."
मग आम्ही दोघं पायरीवर उकिडवे,
पायांपाशी एक फुटकी बशी.

पहिल्याचा धागा आक्रसला, थेंब झाला,
गार झाल्यावर कडक काळा मणी.
पॉलिएस्टर. तापल्या ट्रेला हे विरघळून हाताला चिकटणार
आणि चिकटलेलं सोडवताना कातडी सोबत येते.
हे मला कुणी शिकवायला नको.

दुसरा मुकाट जळला, जळक्या कागदाचा वास, चिमूटभर राख.
सुती. दीड मीटर द्या.
तिसऱ्याला केस जळल्याची घाण, पण काडी बाजूला नेली
की आपला आपण विझला.
लोकर महाग आहे. असू दे.

चौथा चंदेरी, चुरचुरणारा.
"हा उष्णता परत पाठवतो," मुर्तझाभाई कौतुकानं म्हणाले.
पाठवत असेल. पण एकट्याच्या बळावर नाही,
खाली सुताचा थर हवाच.
आणि मायक्रोवेव्हमध्ये चुकूनही नको.

भोसरीच्या फाउंड्रीत सव्वीस वर्षं
आम्हाला ॲस्बेस्टॉसचे हातमोजे होते.
जळत नव्हते, वितळत नव्हते,
अशी चीज पुन्हा हाताला लागली नाही.
सिकंदर तांबोळी डबा उघडण्याआधी
ते मांडीवर आपटायचा, धप्‌ धप्‌,
आणि खिडकीतल्या उन्हात
भुरभुर तरंगत राहायची
आमच्या भाकरीवर.

मृण्मयीनं कोथरूडला हप्त्यावर ओव्हन घेतलाय.
परवा ओल्या नॅपकिननं ट्रे धरला.
अगं, पाणी झाली की वाफ फडक्याच्या आधी हातात शिरते!
"बाबा, ऑनलाइन मिळतात," ती म्हणाली,
बोट नळाखाली धरून.

तर मालतीच्या पायमशीनवर बसलो.
बाहेर जुन्या जीनची पाटलोण,
आत सूत, लोकर, पुन्हा सूत.
सोळा नंबरची सुई, तरी कोपऱ्यावर दोन मोडल्या.
टाके लांब घातले; दाट घातले तर थर दबतात
आणि दबलेल्या थरात हवा उरत नाही.
खरं काम हवाच करते, कापूस नुसता तिला धरून बसतो.

ट्रे उचलून मोजत उभा राहिलो.
अठराला कोमट लागलं.
बत्तीसला मृण्मयी ओरडली, "बाबा, ठेवा की आता!"

एक जोड जास्तीचा झाला, तो सिकंदरकडे नेला.
तो आता स्वयंपाकघरापर्यंतही जात नाही,
खोकला आला की भिंतीला हात लावून थांबतो.
पुष्कळ वेळ उलटसुलट करून पाहिला,
नाकाशी नेला,
मग मांडीवर आपटला, जोरात,
आणि दोघं खिडकीकडे बघत राहिलो.

काही उडालं नाही.