मधला रकाना

शाळेच्या डायरीत लाल शाईनं:
"यशोधन आज पुन्हा बाकाखाली बसला.
डॉक्टरांना दाखवून घ्या."
कोणत्या डॉक्टरांना, ते बागवान बाईंनी लिहिलं नव्हतं.
त्यांनाही ठाऊक नसावं.

विट्यातल्या दवाखान्यात पोट दाबून पाहिलं,
जंताचं औषध दिलं.
सेलमहून, गलाईच्या दुकानातून, ह्यांचा फोन:
"मीबी असाच होतो की. चार फटके दे."
मग मागून भट्टीची घरघर, बराच वेळ नुसती तीच.
"पैसे किती लागतील?"

सांगलीत, विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावर
एकानं पोराची दहाही बोटं काचेवर टेकवून घेतली.
चार हजारांत तीस पानी रंगीत पुस्तिका:
मुलात नेतृत्वगुण, निळा रंग लाभदायक.
मी पानं उलटली.
बाक कुठंच नव्हता.

मिरजेत एका खऱ्या माणसाचा पत्ता मिळाला.
पाटीवर नावामागं अक्षरांची मालगाडी.
काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली,
सगळ्या चाचण्या धरून साडेनऊ हजार.
सोनं वितळवणाऱ्याची बायको मी,
घरात वितळवण्याइतकं उरलेलं नाही.

तिथल्याच जिन्यावर एका अनोळखी बाईनं
औषधाच्या चिठ्ठीमागं लिहून दिलं:
सिव्हिल. गुरुवार. केसपेपर नऊच्या आत.
"आणि कुठंबी जावा, नोंदणी क्रमांक आधी इचारा.
भाजी घेताना इचारतोच की,
कालची का आजची."

तीन गुरुवार असेच गेले.
एकदा मॅडम रजेवर, एकदा शिबिराला,
एकदा यशोधननंच उंबऱ्याआत पाऊल टाकलं नाही.

चौथ्या गुरुवारी मी विचारलं. जीभ अडखळली.
मुजावर मॅडम रागावल्या नाहीत.
ड्रॉवरमधून कार्ड काढून माझ्या हातात दिलं,
माझं वाचून होईपर्यंत थांबल्या.

मग कागद. शहाण्णव प्रश्न.
सांगितलेलं ऐकत नाही. रांगेत थांबत नाही.
कारणाशिवाय रडतो.
पुढं तीन रकाने: कधीच नाही, कधी कधी, नेहमी.
पेन सारखं मधल्यातच जायचं.
साठाव्या प्रश्नाशी वाटलं, हे
कुणी माझ्याबद्दल विचारलं असतं
तरी खूण तिथंच पडली असती.

तो टेबलाखाली.
मॅडमही फरशीवर, ओढणी धुळीत.
ठोकळे त्या देत नव्हत्या,
तो देईल तसे घेत होत्या.

"आज ह्याला नाव देणार नाही मी," म्हणाल्या.
"अजून दोनदा या. बाईंनाही एक फॉर्म न्या."
मी पैशांचं विचारलं,
त्यांनी केसपेपर उलटा करून पुढची तारीख लिहिली.

परतीच्या एसटीत भडंगातले शेंगदाणे वेचून
तो खिडकीच्या पट्टीवर मांडत बसला.
माधवनगर सुटल्यावर कंडक्टर: "पोराचं वय?"
दिवसभरात किती जणांना सांगितलं होतं.
"आठ."
"म्हणजे तुमचं अर्धं, त्याचं अर्धं. दोन अर्धी."

शेंगदाण्यांवरची नजर न उचलता
यशोधन म्हणाला,
"एक."