उलटा हेडफोन

महूचा रेल्वे गार्ड हेन्री घर मोडून गेला तेव्हा
अकरा रेकॉर्डी त्याने बाबांना वजनावर दिल्या.
आमची तेव्हा साउंड सर्व्हिस : दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर,
मुंजी, उरूस, मिल कामगारांच्या सभा.
इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं,
म्हणून नावं पाडली कव्हरांवरून.
गायवाली. मोळीवाला. चौघं रस्त्यात.
त्रिकोण.

गायवाली बाबांनी वसुबारसेला लावली.
लोधीपुऱ्यात कुंटेकाकूंच्या दाराशी सवत्स गाय,
ओवाळणं चाललेलं,
आणि भोंग्यातून पितळी वाद्यांचा गलबला,
मग कोरस, ज्यातला एक शब्द शब्दासारखा नाही.
काकू म्हणाल्या, दक्षिणेकडचे मंत्र असतील.
गाय हलली नाही. पूर्ण बाजू संपेपर्यंत.
जाणकार म्हणतात, ही फसलेली रेकॉर्ड.
असेल.
मी गायीच्या बाजूने आहे.

मोळीवाल्याबद्दल स्पष्टच सांगते :
पहिल्या बाजूचं शेवटचं,
ज्याला सगळं जग डोळे मिटून बसतं,
त्याला मी चहा टाकायला उठते.
आलं किसून, उकळून, गाळून होतं,
तरी त्याचं चढणं चालूच.
त्यापेक्षा उलटवा, आणि तिकडचं शेवटचं ऐका.
ढोल असा, की रिकाम्या जिन्यात कुणी बडवतंय
आणि खालच्या पायऱ्यांवर पाणी वाढतंय.

त्रिकोण ठीक आहे.
सगळी घड्याळं एकदम वाजतात
तिथे आई दचकून गॅस बंद करायची.
दोनदा दूध वाचलं त्याने.

चौघं मात्र एका रांगेत, पांढऱ्या पट्ट्यांवरून,
त्यातला एक अनवाणी.
राजवाड्यासमोर असं ओलांडून दाखवा म्हणावं.
पण दुसरी बाजू म्हणजे गोधडी :
एकही तुकडा पुरता नाही
आणि ऊब पुरून उरते.

श्रीरंग बिडवईला यातलं काही मान्य नाही,
होळकर कॉलेजपासून.
त्याचं दैवत वेगळं : सुटातले दोघं हात मिळवताहेत,
त्यातला एक पेटलेला.
मी म्हणायची, पहिलंच गाणं किती वाट बघायला लावतं.
तो म्हणायचा, वाट बघणं हेच गाणं आहे.
यावरून आम्ही दीड वर्ष बोललो नाही.
खरं कारण दुसरं होतं,
पण लोकांना सांगायला हे बरं होतं.

आता तो एलआयसीतून निवृत्त.
मागच्या चैत्रात एका सकाळी उठला
तर उजवा कान गेलेला.
तरी रविवारी येतो, वाद घालायला.

परवा जेल रोडवरून नवी सुई आणली होती.
हेन्रीच्या ढिगातली सगळ्यात जुनी काढली,
जिच्यात गाणारे सगळे उजवीकडे,
वाजवणारे सगळे डावीकडे,
लग्नात वरपक्ष-वधूपक्ष बसावेत तसे.
हेडफोन लावून तो दोन गाणी ऐकत राहिला.
मग म्हणाला, कुणी गातच नाहीये.
आले नाहीत का अजून?

मी सुई उचलली.
त्याच्या डोक्यावरून हेडफोन काढला,
उलटा करून घातला.
त्याचे केस विरळ झालेत, वर एक व्रण आहे,
मला माहीत नसलेला.
पुन्हा पहिल्यापासून.

आता नुसते गळे,
खाली जमीन नसलेले.
त्याचं बोट मांडीवर
मघाचा ठेका धरून होतं,
एखाद् वेळी चुकत,
पुन्हा गाठत.

संपलं तसा म्हणाला,
या दोन वेगळ्या रेकॉर्डी आहेत.
दुसरी बरी आहे.

मी म्हटलं, पहिली.