ठरला चौथा, जमला सातवा

क्लोव्हिसनं सही केली तेव्हा मी भेंडी चिरत होते.
दोन वर्षं, म्हणाला,
रोजच्या जेवणातला चौथा हिस्सा सोडायचा,
आणि बॅटन रूजची ती माणसं
त्याचं रक्त मोजणार, झोप मोजणार,
एका बंद खोलीत बसवून श्वाससुद्धा.
आजारी आहेस का, मी विचारलं.
नाही, म्हणून तर घेतलं.
सेहेचाळिशीचा, शाळेची बस चालवणारा,
धडधाकट माणूस
अर्धपोटी राहणार!

आमच्याकडे गम्बो सुरू होतं
ते पीठ तेलात परतण्यापासून. आधी तांबूस, मग तपकिरी,
हात थांबला की करपलंच.
त्या पिठाचे आता ग्रॅम झाले.
ओट्यावर तराजू आला, शेजारी वही.
भात शंभर. सॉसेजच्या चकत्या दोन.
तिसरी चिमट्यात धरून मी उभी,
आणि तो वहीकडे बघतोय
कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा.

तिसरी चकती कुठे गेली?
मी खाल्ली.
खाटकाची लेक मी, अन्न टाकवत नाही.

पहिला महिना नुसता चिडचिडीचा.
मग थंडी वाजू लागली त्याला,
जूनमध्ये, लुइझियानात,
जिथं सरडेही सावली धरून बसतात.
अंगणात कागद अंथरून क्रॉफिशचा लालभडक ढीग ओतला,
त्यानं मोजून चौदा सोलले.
चुलतभाऊ तेओफील बोटं चाटत म्हणाला,
ईस्टर होऊन गेला गं,
तुझ्या नवऱ्याचा उपास कधी सुटणार?

खरं सांगू, चौथा काही जमला नाही.
वहीची बेरीज निघाली ती जेमतेम सातव्या हिश्श्याची.
रात्री दोन वाजता फ्रिजचा उजेड
त्याच्या गुडघ्यांवर पडलेला मी पाहिलाय.
बोलले नाही.

शेवटी डॉक्टरबाईंनी छातीचे दोन फोटो
शेजारी शेजारी लावले.
इथं, हाडामागे, थायमस नावाची ग्रंथी.
इथं पेशी शिकतात आपलं कोण, परकं कोण.
घरच्यांनाच चावणारी पेशी इथंच नापास होते.
वय वाढतं तसे वर्ग बंद पडतात,
खोल्यांत चरबी भरते.
क्लोव्हिस मान हलवत राहिला.
नदीकाठची ती शाळा बंद होऊन सहा वर्षं झाली,
तिच्या थांब्यापाशी अजून त्याचा पाय ब्रेककडे जातो.

मला सांगायची गरज नव्हती.
बाबा वासराच्या गळ्याखालून ती काढायचे,
फिकट, ओलसर,
लोण्यात परतली की जिभेवर विरघळायची.
म्हाताऱ्या गाईत शोधू नकोस, म्हणायचे,
तिथं नुसतं मेण.

दुसऱ्या फोटोत पांढरं कमी होतं.
किती? बाईंचं बोट झाकेल एवढं.
म्हणजे आयुष्य वाढलं?
बाई हसल्या. ते कळायला
आयुष्य जावं लागेल.

त्या हिवाळ्यात दोघांना ताप आला.
तो चौथ्या दिवशी बसवर गेला,
मी अकरा दिवस अंथरुणात.
दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, बाई म्हणाल्या.
बरोबरच आहे.
पण आमच्या घरात माणसं दोनच आहेत,
आणि दोन वर्षांच्या त्या तिसऱ्या चकत्या
माझ्या हाडामागे कुठे जाऊन बसल्या
याचा फोटो कुणी काढला नाही.

आज प्रयोग संपला.
तो तराजू कपाटात ठेवायला निघाला.
राहू दे, म्हटलं,
आणि माझं ताट त्यावर ठेवलं.
आकडे धावले, थांबले.
त्यानं माझ्या ताटातली तिसरी चकती उचलली
आणि चिमट्यात धरून तसाच उभा राहिला.
टाकवत नव्हती त्यालाही.