हाकेच्या अंतरावर

कोर्ट नाक्यावर कुणी तुरुंगाचा पत्ता विचारला
तर आम्ही सांगतो, हा काय, हाकेच्या अंतरावर.
आणि मी तर हाक मारायच्याच नोकरीत.

साहेब बसायच्या आधी
कालच्या बोर्डाची घडी करून दाराखाली सारतो.
नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं दार मिटतं,
आणि कोर्ट म्हणजे उघडं दार,
असं पहिल्याच आठवड्यात नाझर म्हणाले होते.
कुणीही यावं, मागच्या बाकावर बसावं, ऐकावं.
एक म्हातारा यायचा, नुसत्या पंख्यासाठी.
तोही चालायचा मला. जनताच ती.

बाळाराम चांगो हिलम हाजिर है...
तीनदा, जिन्याकडे तोंड करून.
सदतीस तारखांत एकशे अकरा वेळा.
पोटच्या पोराचं नाव इतक्या मोठ्यानं कधी घेतलं नाही.

पार्टी नाही, म्हणून आणला नाही.
पंच घर बदलून गेला.
तपासी अंमलदार बंदोबस्ताला.
साहेबांची बदली.
एकदा पडद्यावर दिसला, मागे निळी भिंत,
साहेबांनी विचारलं, वकील आहे का,
त्यानं तोंड उघडलं
आणि चित्र तिथंच अडकलं.
रोजनाम्यात लिहिलं गेलं: आरोपी हजर.

मुद्देमाल, अकरा किलो तांब्याची तार, वागळे इस्टेटमधली.
गोदामात हिरवी पडली म्हणतात.
शिक्षा लागली असती तर एव्हाना भोगून
तो घरी कोंबड्या पाळत असता.
एका शिकाऊ वकिलीणबाईंनी एकविसावं कलम वाचलं होतं,
भरभर; जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं होती.

त्याची बहीण सगुणा मुरबाडहून येते.
दर तारखेला मलाच विचारते,
"दादा, आज जोरानं मारली का हाक?"
भिंत एवढी जवळ.
तिला वाटतं, त्याला ऐकूच जात नसणार.
मी काय सांगू. मी आवाज वाढवत गेलो.

परवा आणला.
पहिल्याच हाकेला माझ्या पाठीमागून, हळू, "हाय की."
आरोपी दिसला की पुढच्या हाका लागत नाहीत.
तरी दोन्ही मारल्या.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

घडी निसटली होती, दार मिटत येत होतं.
मी पाय लावला.
आत ये, सगुणाला म्हटलं, बस,
तुझंही आहे हे.
ती चपला बाहेर काढायला लागली.