पावणेदोन रत्ती

पारोळ्याहून आली होती, दुपारच्या एसटीने.
जिनिंगच्या वजनकाट्यावर पावत्या फाडते म्हणाली.
रुमालाची गाठ सोडून अंगठी काचेवर ठेवली.
"हाऊ मना बापना शे.
अठरा वरीस बोटमा व्हता. एक दिन चमकना नही."

चमकेल कसा.
कोंदणातून सोडवला, पुसला,
पेपरावर ठेवला तर नीलमातून
केळीचे भाव सरळ वाचता आले,
रावेर, नवती, क्विंटलला इतके.
याला आम्ही खिडकी म्हणतो.
पोट उथळ, अठ्ठावीस अंशांचं.
उजेड वरून येतो, बसत नाही,
मागच्या दाराने निघून जातो.

ती पहिल्यांदा हसली.
"बापबी तसाच व्हता.
पगार, पाव्हना, राग.
काहीच टिकनं नही."

मग खडा पाण्याच्या पेल्यात सोडून दाखवला:
हे बघ, निळा आहे तो एवढाच,
टाचेजवळ, हरभऱ्याच्या सालीएवढा.
बाकीचा पांढरा. उसना निळा.
तिरपा कापला आणि टाच गेली,
तर हातात काच उरेल.

ते तिने ऐकून घेतलं. अडली ती वजनावर.
जोशीबुवांनी सव्वासात सांगितले होते, पुरे सव्वासात.
"कितलं जाई?"
पावणेदोन रत्ती.
"मंग शनीले काय सांगू?"
शनीचा काटा मी पाहिलेला नाही.
माझा आहे तो काचेच्या पेटीत,
पंखा लागला तरी हलतो.
पंखा बंद केला.
बाटलीतलं कोमट पाणी संपेपर्यंत ती बोलली नाही.
"कर," म्हणाली.

लाख तापवली, काडीच्या टोकावर खडा उलटा बसवला,
तांब्याच्या चाकीला हिऱ्याची भुकटी तेलात कालवून लावली.
बाहेर सराफ बाजार पंचेचाळीस अंशांत पडलेला,
चाकीवर मी एक्केचाळीस लावलेले.
त्या अंशांनी माणूस वितळतो,
या अंशांनी उजेड माघारी वळतो.
घास, पूस, भिंग.
घास, पूस, भिंग.
सहाव्या पैलूला वीज गेली.
चाकी कण्हत थांबली,
आणि निळा माझ्या चिमटीत, टाचेपासून केसभर दूर.
खंभातचे उस्मानचाचा सांगायचे,
निळ्यावर घाई आली की उठावं,
पाणी प्यावं, कुणाला तरी शिवी द्यावी.
वीजवाल्यांना दिली.
ती दारातल्या पायरीवर बसून
शेंगा सोलत होती, टरफलं पदरात ठेवत होती.

साडेपाचला शेवटचा पैलू पडला.
उन्हाची एक तिरीप गल्लीतून आत येते त्या वेळी,
रोजची, चार मिनिटांची.
तिच्यात धरला.
मी पस्तीस वर्षं हे काम करतो,
आणि तरी दर वेळी "अरे" म्हणतो. म्हणालो.

तिने तो पेपरावर ठेवला.
केळीचे भाव गेले होते.
वाकून पाहिलं, फिरवून पाहिलं,
रावेर नाही, नवती नाही,
नुसता निळा, आत आत वळणारा.
बराच वेळ पाहिल्यावर म्हणाली,
"वळखू येत नही."

काटा लावला. साडेपाच रत्ती.
मग तिने चाकीखालची वाटी ओढली.
नीलम घासला की निळा गाळ पडत नाही.
पांढुरका चिखल पडतो,
तांबं मिसळून राखेच्या रंगाचा.
"हाई बी मना शे ना?"
कागदात खरवडून घेतला, काट्यावर ठेवला,
काट्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही
गाडी भरलेली किती, रिकामी किती.
रत्ती दोनच्याही वर गेल्या:
माझी भुकटी, माझं तेल, माझी चाकी.
म्हटलं, यात मीही आहे.
"ऱ्हाऊ दे," म्हणाली, आणि पुडी बांधली,
त्याच पेपराच्या तुकड्यात, भावांच्या बाजूने.

अंगठी रुमालात नाही घेतली.
बोटात घातली. सैल होती.
शेवटच्या एसटीला पळाली,
मूठ आवळून.